सूर्य फुकट, पण प्लेटचा हिशेब कोण देणार?

वणीच्या खाणपट्ट्यात, नीलजई-उकणीच्या बाजूने कोळशाची वाहतूक होते तेव्हा त्या कोळशाची किंमत काय, हे कुणी सांगावे लागत नाही. रस्त्याकडेच्या कपाशीवर काळी धूळ बसते, दोरीवरचे कपडे काळवंडतात, म्हाताऱ्या माणसांचा खोकला हटत नाही. कोळशाच्या विजेचा हिशेब असा डोळ्यांसमोर मांडलेला असतो. सोलरचे तसे नाही. निळी-काळी प्लेट शेतात किंवा छपरावर बसते, ऊन पडते, मोटर चालू होते. धूर नाही, धूळ नाही, आवाज नाही. त्यामुळे या विजेला किंमतच नाही, असे आपल्याला वाटते. ऊन फुकट आहे हे खरे, परंतु प्लेट फुकट नाही. ती कुणीतरी, कुठेतरी, कशीतरी बनवली आहे आणि निकामी झाल्यावर कुणाच्या तरी दारात जाऊन पडणार आहे. या दोन्ही टोकांचा हिशेब आपल्यासारख्या कष्टकरी माणसांशी जोडलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभीच स्पष्ट केले पाहिजे की हा लेख सोलरच्या विरोधात नाही. आपल्या जिल्ह्यात शेतीला रात्रीची वीज म्हणजे काय, हे पांढरकवडा-राळेगावच्या शेतकऱ्याला विचारावे. २०१६ ते २०१८ या काळात त्या पट्ट्यात टी-१ उर्फ अवनी या वाघिणीने तेरा माणसे मारल्याचे सांगितले गेले. त्या दिवसांतही लोकांना शेतात जावेच लागत होते. साप, रानडुकरे, अंधार आणि ओल्या पायांनी चालू करायची मोटर, हे तर दर हंगामाचेच. दिवसा पाणी देता येणे म्हणजे घरचा कर्ता माणूस रात्री घरात असणे होय. राज्य सरकारने २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आणली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा हिस्सा केवळ ५ टक्के ठेवला. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ चा आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप ठरविला. अल्पभूधारक बौद्ध शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण जी वस्तू आपल्या दारी येते तिची चौकशी करणे, हा तिचा अपमान नव्हे.

वीज हा कामगारांचा प्रश्न

विजेचा आणि कामगाराचा संबंध काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकाम व वीज यांच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक का हवी, याची मांडणी केली. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गोरगरिबांची दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हाही प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवला. पुढे १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले.

त्याच १९४३ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणींत गेले, खाली उतरले आणि खाणकामगार कसा राबतो, कसा राहतो, हे त्यांनी स्वतः पाहिले. लगेच १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. म्हणजे एका हाताने देशाला वीज हवी म्हणणारा मंत्री दुसऱ्या हाताने त्या विजेचे इंधन खणणाऱ्या माणसाची विचारपूस करीत होता. सोलरच्या युगात आपल्याला तोच धडा गिरवायचा आहे. फरक इतकाच की सोलरची खाण आपल्याला दिसत नाही.

गारगोटीपासून प्लेटपर्यंत

प्लेट बनते कशी, ते थोडक्यात पाहू. तिचे मूळ गारगोटीच्या शुद्ध दगडात आहे. हा दगड कोळशासोबत विजेच्या भट्टीत सुमारे दोन हजार अंश तापमानाला वितळवून सिलिकॉन काढतात. ते रसायनांच्या साहाय्याने अतिशुद्ध केले की पॉलिसिलिकॉन तयार होते. त्याचे ठोकळे ओतून कागदासारख्या पातळ चकत्या कापतात, त्यांना वेफर म्हणतात. वेफरवर चांदीच्या बारीक रेघा ओढून सौर पेशी बनते. मग पेशी जोडून, वर काच, मागे प्लास्टिकचा पडदा आणि सभोवती अॅल्युमिनियमची चौकट लावली की प्लेट तयार होते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साली या धंद्याचा अहवाल काढला. पॉलिसिलिकॉनपासून प्लेटपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे त्यात दिसले. प्लेटा बनविण्यासाठी जगभर जी वीज लागते, तिच्यातील ६० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची असते, असेही त्या अहवालात आहे. म्हणजे वणीत न दिसणारी धूळ दुसऱ्या कुठल्या तरी गावावर बसतेच. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच अहवालानुसार, प्लेट बनविताना झालेल्या प्रदूषणाची भरपाई ती चार ते आठ महिन्यांत करते आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे चालते. एकूण व्यवहार फायद्याचाच आहे. पण वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सांगेल की एकूण ताळेबंद नफ्याचा असला, तरी एखाद्या खात्यात झालेली लबाडी त्यामुळे माफ होत नाही.

पॉलिसिलिकॉन करताना सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाचा जहाल पदार्थ उरतो. ओलाव्याशी संबंध आला की त्याचे आम्ल बनते. २००८ साली चीनच्या हेनान प्रांतातील एका कारखान्याने हा टाकाऊ पदार्थ शेजारच्या गावाच्या शिवारात ओतल्याची बातमी 'वॉशिंग्टन पोस्ट' या अमेरिकन वृत्तपत्राने दिली. पुढे २०११ मध्ये या पदार्थाचा किमान ९८.५ टक्के पुनर्वापर झालाच पाहिजे, असा दंडक चीन सरकारने घातला. जे उघडकीस येते ते सुधारण्याची शक्यता असते, हा त्यातला बोध.

वेठ कुठलीही असो, ती वेठच

याहून गंभीर गोष्ट माणसांची आहे. ब्रिटनमधील शेफील्ड हॅलम विद्यापीठाने २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील सुमारे ४५ टक्के पॉलिसिलिकॉन त्या वेळी चीनच्या शिनजियांग प्रांतातून येत होते. तेथील उइगूर व इतर अल्पसंख्य समाजाच्या माणसांना सरकारी 'मजूर हस्तांतरण' कार्यक्रमाखाली कारखान्यांत पाठविले जाते आणि त्यांना नाही म्हणण्याची मुभा नसते, असे संशोधकांनी मांडले. चीन सरकारने हे आरोप फेटाळले. परंतु अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा केला आणि जून २०२२ पासून त्या प्रांताचा माल अडविण्यास सुरुवात केली. हा माल वेठीच्या कामाचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर टाकली. युरोपीय संघानेही २०२४ साली सक्तीच्या श्रमाने बनलेल्या मालावर बंदीचा नियम केला. तो डिसेंबर २०२७ पासून लागू करण्याचे ठरले.

यवतमाळच्या माणसाला शिनजियांगशी काय देणेघेणे, असे म्हणून चालणार नाही. वेठ म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांइतके कुणाला ठाऊक? रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे, मोबदला मागायचा नाही, नाही म्हणायचे नाही. ही महार वतनाची वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. ज्या समाजाने ही जोखड मानेवरून उतरवून फेकली, त्याच्या शेतात आणि छपरावर दुसऱ्या कुणाच्या तरी वेठीचा माल येत असेल, तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर पुरेसे नाही. निदान माहिती मागितली पाहिजे.

'भारतीय' म्हणजे किती भारतीय?

आपल्याकडे दुकानदार सांगतो, "प्लेट इंडियन आहे." यात एक मेख आहे. बाहेरून आणलेल्या पेशी भारतात जोडून प्लेट केली, तरी ती भारतात बनलेली म्हणवते. पेशी आणि प्लेट ही दोन्ही भारतात बनलेली असतील, तेव्हाच तिला सरकारी भाषेत डीसीआर म्हणतात. केंद्राच्या कुसुम योजनेतील सौर पंपांना आणि २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेतील अनुदानाला अशीच प्लेट लागते. पण डीसीआर प्लेटमधील वेफरसुद्धा बहुतांशी चीनमधूनच येत आला आहे. म्हणजे देशी शिक्का मारला की चौकशी संपली, असे होत नाही.

सरकारनेही काही पावले टाकली आहेत. मान्यताप्राप्त कारखान्यांची यादी करून, त्या यादीतील प्लेटाच सरकारी योजनांत वापरण्याचा आदेश २०१९ मध्ये निघाला. मधल्या स्थगितीनंतर एप्रिल २०२४ पासून तो पुन्हा लागू झाला. पेशींच्या कारखान्यांचीही अशीच यादी १ जून २०२६ पासून लागू करण्याचा निर्णय झाला. शिवाय प्रत्येक प्लेटमध्ये आरएफआयडी नावाची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी बसविण्याचा नियम आहे. प्लेट कुणी बनविली, पेशी कुणी बनविली, दोन्हींचा देश कोणता, महिना-वर्ष कोणते, अनुक्रमांक काय आणि तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली, हे सर्व तिच्यात असावे लागते. थोडक्यात, प्रत्येक प्लेटचा जन्मदाखला तिच्याबरोबरच असतो. तो कुणी मागत नाही, एवढेच.

न विचारण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांत पंप पाठीवर घेणारे मजूर होते. डब्यात काय आहे, कशात काय मिसळायचे, हे बहुतेकदा विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर चालले होते. परवानगी नसलेले 'चोर बीटी' बियाणेही त्याच काळात शिवारात होते. सोलरची प्लेट फवारणीच्या औषधासारखी जीव घेत नाही, हे मान्य. पण पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचायचेच नाही, ही सवय तीच आहे.

गायरानाचा दुवा

साखळीचा एक दुवा तर आपल्या गावातच आहे, तो म्हणजे जमीन. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. त्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षे अनुदान ठरले. या प्रकल्पांसाठी सरकारी जमिनीही दिल्या जातात आणि गावात सरकारी जमीन म्हटली की पहिली नजर गायरानावर जाते.

गायरान आपल्याला परके नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याबाबत २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णयही आहे. तरी कित्येकांच्या नावावर सातबारा चढलेला नाही. अशा जमिनीवर उद्या सौर प्रकल्पाची आखणी झाली, तर कसणाऱ्याचे नाव कागदात नसल्यामुळे त्याला कुणी विचारणारही नाही. म्हणून ग्रामसभेत असा ठराव येईल तेव्हा आपली माणसे तेथे हजर असली पाहिजेत. गट क्रमांक कोणता, तेथे आज कोण कसतो, गावच्या गुरांना चराई कुठे उरते आणि ग्रामपंचायतीला येणारे पैसे कशावर खर्च होणार, हे चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्यावीत.

भंगार कुणाच्या दारात?

आता साखळीचे शेवटचे टोक पाहू. गारपिटीने, वादळाने किंवा वाहतुकीत फुटलेली प्लेट आज ना उद्या भंगारवाल्याकडे जाते. भंगार वेचणारे, फोडणारे हात कुणाचे, हे सांगण्याची गरज नाही. प्लेटमध्ये वजनाने सर्वांत जास्त काच असते. अॅल्युमिनियम आणि तांब्याला भाव मिळतो, म्हणून चौकट व वायर काढून घेतात आणि उरलेले फेकून देतात किंवा जाळतात. जोडणीच्या डाखात थोडे शिसे असते. मागचा प्लास्टिकचा पडदा जाळला तर विषारी धूर होतो. दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संस्थेने २०२४ साली अंदाज काढला की, मार्च २०२३ पर्यंत देशात बसविलेल्या सौर संचांतूनच २०३० पर्यंत सुमारे ३ लाख ४० हजार टन कचरा होईल.

याहून जवळचा धोका बॅटरीचा आहे. शेतातल्या सौर पंपाला सहसा बॅटरी नसते, पण घरातल्या सौर दिव्यांना आणि वस्तीतल्या किंवा विहारापुढच्या सौर खांबाला असते. ती जर शिशाची असेल आणि निकामी झाल्यावर कुणी अंगणात फोडून शिसे वितळवले, तर ते धुरातून आणि मातीतून पोरांच्या अंगात जाते. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर होते. त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतातील होती. वापरलेल्या बॅटऱ्यांचे काम हे त्याचे एक मोठे कारण. शिशाने मुलाची बुद्धी मंदावते आणि ती पुन्हा भरून येत नाही. शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आपल्या समाजाला याहून मोठा तोटा कोणता?

कायदा नाही असे नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात प्लेटा बनविणाऱ्यांनी नोंदणी करावी आणि निकामी प्लेटांचा साठा २०३४-३५ पर्यंत नियमाप्रमाणे सांभाळावा, असे बंधन आहे. बॅटऱ्यांसाठीही २०२२ चेच वेगळे नियम आहेत आणि त्यांत जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण कायद्याचे पुस्तक आपण होऊन भंगारच्या दुकानापर्यंत चालत येत नाही.

आपण काय करावे?

कचेरीत साधा नियम असतो. आवक नोंदीशिवाय माल घ्यायचा नाही आणि जावक नोंदीशिवाय सोडायचा नाही. घरोघरी हाच नियम पाळावा.

१) पंप किंवा छपरावरचा संच बसला की प्लेटच्या मागील पट्टी वाचावी. कंपनी, मॉडेल, वॅट, अनुक्रमांक आणि आयएस १४२८६ हा मानकाचा क्रमांक वहीत लिहावा. मोबाइलवर प्रत्येक पट्टीचा फोटो काढावा. हे काम नववी-दहावीत शिकणाऱ्या मुला-मुलींकडे द्यावे.

२) डीसीआर असल्याचे लेखी मागावे. पावतीवर अनुक्रमांक घालून घ्यावेत. तोंडी हमी ही हमी नव्हे.

३) कृषी पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. हमीपत्र, पुरवठादाराचे नाव आणि बसविल्याची तारीख एका पिशवीत सातबाऱ्यासोबत ठेवावी. दाद लागली नाही तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

४) छपरावरच्या संचासाठी पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एवढा सरकारी पैसा ज्या मालावर खर्च होतो, त्याची माहिती मागणे हा नागरिकाचा हक्क आहे.

५) माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांचे तिकीट लावून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. आपल्या तालुक्यात बसविलेल्या प्लेटा कोणत्या कारखान्याच्या, पेशी कोणत्या देशाच्या आणि निकामी प्लेटा कुठे जमा केल्या, एवढेच विचारावे. एका गावातून अर्ज गेला तर तो फायलीत पडेल. दहा गावांतून गेला तर पुरवठादाराला पुढच्या वेळी कागद तयार ठेवावे लागतील.

६) फुटलेली प्लेट किंवा जुनी बॅटरी घरी फोडू नये, जाळू नये. बॅटरी दुकानदाराला परत देऊन नव्या बॅटरीच्या बिलात तेवढी वजावट घ्यावी. भंगाराच्या धंद्यातील आपल्या बांधवांना हे आवर्जून सांगावे आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

महिला मंडळांनी आणि तरुणांनी आपापल्या विहारात एका रविवारी हा विषय घ्यावा. वस्तीतील सर्व सौर संचांची एक नोंदवही करावी. त्याला खर्च लागतो एका वहीचा. पंचवीस-तीस वर्षांनी या प्लेटा म्हाताऱ्या होतील, तेव्हा कोणती प्लेट कुणाची आणि कुणी परत न्यायची, हे सांगणारा कागद गावात फक्त त्या वहीतच असेल.

आपल्याला दिवसाची वीज हवी आहे आणि ती मिळालीच पाहिजे. पण ती बनविणारा कुणी वेठीला धरलेला नसावा, तिच्यासाठी कुणी भूमिहीन गायरानातून उठविला जाऊ नये आणि तिच्या भंगाराने कुणाच्या लेकराची बुद्धी नासू नये. हे मागणे जास्तीचे नाही. ज्याने माल विकला त्यानेच त्याचा हिशेब द्यावा आणि ज्याने घेतला त्याने तो मागावा.